क्लचचा पाइप कुठून न्यायचा? निस्सान ३७०झेडचं उदाहरण

मागच्या वेळी ब्रेक झाले, आज क्लच. अख्खा क्लच नाही, त्यातला फक्त एक सिलिंडर आणि एक पाइप. उदाहरणाला निस्सानची ३७०झेड घेतो, कारण या स्पोर्ट्स कारच्या मालकांची एक तक्रार ठरलेली असते : पेडल दाबलं, तळाला टेकलं आणि वर आलंच नाही. भर रहदारीत असं झालं, तर गाडी गिअरमधून निघत नाही.

पेडल दाबलं की मास्टर सिलिंडरमधला दट्ट्या ब्रेक फ्लुइड ढकलतो. ते पाइपातून गिअरबॉक्सकडे जातं आणि तिथला स्लेव्ह सिलिंडर रिलीज बेअरिंग सरकवतो. सुरुवातीच्या ३५०झेडमध्ये हा स्लेव्ह गिअरबॉक्सच्या बाहेर होता, फोर्कमार्फत बेअरिंग हलवायचा. २००७ च्या ३५०झेडपासून तो बेल हाउसिंगच्या आत गेला. इनपुट शाफ्टभोवती कड्यासारखा बसतो. ३७०झेडलाही तोच. फोर्क गेला, भाग कमी झाले, दाब सरळ रेषेत मिळू लागला. कल्पना वाईट नाही हो.

अडचण जागेची आहे. शेजारी क्लच प्लेट घासतेय, तिची उष्णता आणि धूळ दोन्ही तिथेच. सील गेलं की फ्लुइड आतच गळतं. ते प्लेटवर पडलं की प्लेटही गेली. आणि एवढंसं सील बदलायला गिअरबॉक्स खाली उतरवायचा!

शिवाय ब्रेक फ्लुइड हवेतली ओल पितं. डॉट ३ चा उत्कलनबिंदू नवं असताना किमान २०५ अंश सेल्सिअस, पाणी मुरल्यावर किमान १४० अंश. डॉट ४ चे तेच आकडे २३० आणि १५५. द्रव दाबला जात नाही, वाफ दाबली जाते. म्हणून फ्लुइड उकळलं की पेडल नुसतंच खाली जातं.

बदल करणारे आतलं कडं काढून फोर्क, पिव्हट, साधं रिलीज बेअरिंग आणि बाहेरचा स्लेव्ह बसवतात. गिअरबॉक्स एकदा उतरवावा लागतोच. पुढच्या वेळी स्लेव्ह बिघडला, तर गाडीखाली जाऊन बदलता येतो. आतलंच कडं जास्त मजबूत धातूचं घालण्याचाही पर्याय आहे. माझं मत विचाराल, तर सील पुन्हा त्याच भट्टीत ठेवण्यात मला फारसा अर्थ दिसत नाही.

सिलिंडर मात्र मापाचा हवा. मास्टरचा व्यास १५.८७ मिलीमीटर आणि स्लेव्हचा १९.०५ असेल, तर क्षेत्रफळांचं प्रमाण १.४४ होतं. म्हणजे मास्टर ३० मिलीमीटर सरकला की स्लेव्ह साधारण २१. स्लेव्ह मोठा घेतला की पेडल हलकं लागतं, पण सरक कमी पडते आणि क्लच पूर्ण सुटत नाही. लहान घेतला की उलटं, आणि डायफ्रॅम स्प्रिंग गरजेपेक्षा जास्त दाबली जाते.

आता पाइप. इथेच बहुतेक जण घाई करतात. ३७०झेडला व्ही-६ इंजिन, दोन्ही बाजूंना एक्झॉस्ट, त्यामुळे पूर्ण थंड अशी बाजूच नाही. आधी अंतर ठेवायचं, मग उष्णतारोधक आवरण. अंतर नसताना आवरणाने काम फक्त लांबणीवर पडतं. इंजिन माउंटिंगवर हलतं, म्हणून शेवटचा तुकडा लवचीक आणि थोडा सैल हवा; स्टिअरिंगच्या दांड्यापासून लांब. मास्टरपासून स्लेव्हकडे उतार सलग ठेवा. मधे उंचवटा आला की हवा तिथेच जाऊन बसते, मग कितीही पंपिंग करा. ब्लीड निपल स्लेव्हच्या वरच्या टोकाला. जोडही तपासा : ३७ अंशांच्या शंकूवर ४५ अंशांची फ्लेअर आवळून बसवली, तरी गळणारच.

(श्रोत्यांमधून प्रश्न : सगळं नवं बसवलं, हवाही काढली, तरी गाडी तापली की क्लच घसरतो. असं का?)

फार चांगला प्रश्न. पेडलची मोकळी चाल बघा. पेडल सोडल्यावर मास्टरचा दट्ट्या पूर्ण मागे यायला हवा. तो आला की टाकीकडे जाणारं छोटं भोक उघडतं. पुशरॉड जास्त लांब ठेवला, तर ते भोक झाकलेलंच राहतं. फ्लुइड तापून फुगतं, परत जायला वाट नाही, मग ते स्लेव्हला ढकलतं. म्हणजे तुमचा पाय पेडलवर नसतानाही क्लच थोडा दाबलेलाच! गाडी थंड झाली की सगळं ठीक, म्हणून दोष सापडत नाही. गिअरबॉक्स पुन्हा उतरवण्याआधी पुशरॉडचा लॉकनट सैल करा, बोटाने पेडल हलवून थोडी मोकळी चाल लागेपर्यंत रॉड आखूड करा, नट आवळा आणि गाडी तापवून पुन्हा चालवून बघा.