न सुटणारा तारा

‘अलेक्झांडरचा तारा’ हे १९८२ सालचे फिरवण्याचे कोडे आहे. त्याला १२ टोके आणि ३० सरकते तुकडे. प्रत्येक तुकड्यावर दोन रंग. टोक फिरवले की त्याभोवतीचे ५ तुकडे जागा बदलतात. रंग जुळवायचे, एवढेच काम.

समजा, अहिल्यानगर जिल्ह्यातील एखाद्या शाळेत आपण मुलांसह असा तारा हाताने घडवला आणि जोडताना एकच तुकडा, रंगांची अदलाबदल होऊन, उलटा बसला. मग तो कधीच सुटणार नाही! का? कितीही फिरवले तरी उलट्या तुकड्यांच्या संख्येचे सम-विषमपण बदलत नाही. सुटलेल्या ताऱ्यात ती संख्या शून्य, म्हणजे सम; आपल्या ताऱ्यात एक, म्हणजे विषम.

तेव्हा ‘तुला जमत नाही’ असे मुलाला म्हणण्याआधी आपण कोडेच उघडून पाहूया.