शांतिसेनेचा धडा

दौंड तालुक्यातील भांडगावहून पुण्याची लष्करी छावणी फार दूर नाही. १९८७ साली श्रीलंकेत गेलेल्या भारतीय शांतिसेनेची जबाबदारी ज्या दक्षिण विभागाकडे होती, त्याचे मुख्यालय याच पुण्यात आहे. तेव्हा तो प्रश्न केवळ तामिळनाडूचा होता, असे म्हणून आपल्याला हात झटकता येणार नाहीत.

त्या यादवीचे मूळ बंदुकीत नव्हते, कचेरीत आणि वर्गात होते. १९५६ साली सिंहली हीच एकमेव राजभाषा ठरली आणि तमिळ कारकुनाच्या नोकरीवर गदा आली. पुढे विद्यापीठ-प्रवेशाचे निकष बदलले आणि तमिळ विद्यार्थ्यांची वाट अरुंद झाली. सीमाभागातील मराठी माणसाचे गाऱ्हाणे ऐकलेल्या वाचकाला या वेदनेचा अर्थ वेगळा सांगावयास नको. १९८३ च्या जुलैतील हत्याकांडानंतर मात्र शब्दांची जागा शस्त्रांनी घेतली.

भारताने एका हाताने तमिळ बंडखोरांना शस्त्रे व शिक्षण दिले आणि दुसऱ्या हाताने मध्यस्थी केली. २९ जुलै १९८७ रोजी राजीव गांधी व जयवर्धने यांनी करार केला. परंतु ज्यांनी शस्त्रे खाली ठेवावयाची, त्या वाघांची त्यावर सहीच नव्हती. ऑक्टोबरात शांतिसेना त्यांच्याशीच लढू लागली. पंच म्हणून गेलेला पक्षकार झाला. तमिळांना ती परकी वाटली आणि सिंहलींना आक्रमक. पुढे अध्यक्ष प्रेमदासांनी तर तिच्याविरुद्ध वाघांनाच शस्त्रे पुरविली!

याची किंमत जवानांनी मोजली. मुंबईत जन्मलेले, महार रेजिमेंटचे मेजर रामस्वामी परमेश्वरन २५ नोव्हेंबर १९८७ रोजी धारातीर्थी पडले. त्यांना मरणोत्तर परमवीरचक्र मिळाले. १९९० च्या मार्चमध्ये शेवटची तुकडी परतली, तेव्हा सुमारे बाराशे जवान गमावलेले होते. १९९१ साली राजीव गांधींचीही हत्या झाली.

करारातून प्रांतिक परिषदा निर्माण झाल्या, हे खरे. पण जमीन व पोलीस यांचे अधिकार त्यांना पुरतेपणी लाभले नाहीत. २००९ साली युद्ध संपले, मूळ प्रश्न मात्र मिटला नाही. शेजाऱ्याच्या घरातील तंटा थोरल्याने जरूर मिटवावा. परंतु आधी स्वतः त्यात तेल ओतू नये आणि भांडणाऱ्यांच्या संमतीवाचून उंबरठा ओलांडू नये. जवानांच्या शौर्यात काही उणे नव्हते. उणे होते ते त्यांना पाठविणाऱ्यांच्या विचारात.