पाकिटावरची तारीख नेमके काय सांगते?

दिवाळीच्या तोंडावर स्वयंपाकघरातील फळ्या आवरताना आमच्या घरी दरवर्षी एक छोटेखानी खटला चालतो. गेल्या खेपेस आरोपीच्या पिंजऱ्यात होते जाड पोह्यांचे न फोडलेले पाकीट. त्यावरील तारीख उलटून सहा दिवस झाले होते. मी ते कचऱ्याच्या डब्याकडे नेले, तोच सासूबाई म्हणाल्या, "अगं, टाकतेस काय? फोड, वास घे, दोन दाणे चावून बघ." निकाल माझ्या बाजूने लागला आणि पोहे गेले. त्याच संध्याकाळी चहासाठी फ्रीजच्या दारातील दुधाचा पुठ्ठ्याचा खोका काढला. तो फोडून आठवडा झाला होता. पण तारीख चार महिने पुढची, म्हणून मी निश्चिंत. दूध पातेल्यात पडले ते गाठींसकट! चांगले अन्न फेकले आणि नासलेले जपून ठेवले. दोन्ही वेळा भरवसा ठेवला होता तो तारखेवरच.

वास्तविक पाकिटावर दोन वेगळ्या अर्थांच्या तारखा असू शकतात. 'बेस्ट बिफोर' ही गुणवत्तेची तारीख. साठवणुकीच्या सूचना पाळल्या तर तोवर चव, वास, कुरकुरीतपणा उत्पादकाने सांगितल्याप्रमाणे राहील, एवढेच ती सांगते. त्यानंतर पदार्थ किंचित सादळेल, मसाल्याचा वास उतरेल. पण तो खाण्यास सुरक्षित असू शकतो, असे आपल्या नियमांतील व्याख्येतच म्हटले आहे. 'यूज बाय' किंवा 'एक्स्पायरी' ही मात्र अंतिम मुदत. तिच्यानंतर गुणवत्ता आणि सुरक्षितता यांची खात्री उरत नाही आणि तो पदार्थ विकता येत नाही.

भारतात २०११ च्या नियमांनुसार बहुतेक पदार्थांवर 'बेस्ट बिफोर' छापणे बंधनकारक होते. भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाच्या २०२० च्या लेबलविषयक नियमांनी हे उलटे केले. 'एक्स्पायरी' किंवा 'यूज बाय' सक्तीचे झाले आणि 'बेस्ट बिफोर' ऐच्छिक ठरले. ग्राहकाच्या हाती निश्चित तारीख आली, हा लाभ खराच. परंतु दोन दिवस टिकणारे पिशवीचे दूध आणि महिनोन्महिने टिकणारी बिस्किटे यांच्यावर आता एकाच वजनाचा शब्द छापला जातो. बिस्किटे तारखेच्या दुसऱ्या दिवशी विष होत नाहीत, हे सांगणारा शब्द पाकिटावर असेलच असे नाही. माझ्या मते येथे सुटसुटीतपणाच्या नादात ग्राहकाचे थोडे नुकसानच झाले. शिवाय ही मुदत सरकार ठरवत नाही. ती उत्पादक ठरवतो, आणि तो हातचे राखूनच ठरवणार! घन साखर आणि व्हिनेगर यांना तर नियमांनी अशा तारखेतून सूटच दिली आहे.

या गोंधळाची किंमत लहान नाही. युरोपीय आयोगाच्या २०१८ मधील एका अभ्यासानुसार युरोपात दरवर्षी वाया जाणाऱ्या ८.८ कोटी टन अन्नापैकी १० टक्क्यांपर्यंत अन्नाचा संबंध तारखांच्या छपाईशी होता. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाच्या २०२४ च्या अहवालात भारतीय घरांतून दरवर्षी माणशी सुमारे ५५ किलो अन्न वाया जात असल्याचा अंदाज आहे. त्यात साली, देठ, हाडेही धरलेली आहेत, हे ध्यानात घ्यावे.

मग सासूबाईंचे नाक खरे मानावे काय? पुष्कळदा होय. आपल्या भाषेत अन्न बिघडण्याचे किती प्रकार आहेत पाहा: दूध नासते, वरण आंबते, भाजी विटते, खोबरे खवट होते, पीठ कुबटते, पापड सादळतो, पाव बुरसतो. एवढे शब्द घडले ते नाकाने आणि जिभेने केलेल्या निरीक्षणातूनच. पोहे, रवा, डाळी, साखर, बिस्किटे अशा कोरड्या पदार्थांबाबत ही कसोटी तारखेपेक्षा सरस ठरते. मधाने तळाशी साखर धरली म्हणजे तो बिघडला, असेही नव्हे. बरणी कोमट पाण्यात ठेवावी.

परंतु नाकालाही मर्यादा आहेत, आणि त्या जिवाशी खेळणाऱ्या आहेत. आजार देणारे अनेक जिवाणू वास वा चव न बदलता वाढतात. रात्रीचा भात ओट्यावर तसाच राहिला, तर शिजवूनही तग धरणारे बॅसिलस सेरेअसचे बीजाणू त्यात रुजतात. त्यांनी सोडलेले एक विष पुन्हा तापवूनही जात नाही. फोडणीचा भात करायचा तर उरलेला भात दोन तासांच्या आत फ्रीजमध्ये जायला हवा. बुरशी धरलेल्या शेंगदाण्यांतील अफ्लाटॉक्सिन भाजूनही पूर्णपणे नष्ट होत नाही, तेव्हा कडवट, काळपटलेला दाणा कुटात घालू नये. फुगलेला डबाबंद पदार्थ चाखूनसुद्धा पाहू नये. पिशवीचे दूध, पनीर, मांस, मासे आणि बाळाची दूधभुकटी यांच्या बाबतीत तारीखच पाळावी. तेथे नाकाचा कौल घेऊ नये.

आणि सर्वांत दुर्लक्षित बाब: छापील तारीख बंद पाकिटापुरतीच खरी असते. पाकीट फोडले की 'उघडल्यावर इतक्या दिवसांत वापरावे' ही बारीक अक्षरांतली ओळ लागू होते. आमच्या दुधाचे तेच झाले होते. हल्ली आम्ही खोक्यावर फोडल्याचा दिवस पेनाने लिहितो आणि तो दाराऐवजी आतल्या फळीवर ठेवतो, कारण फ्रीजचे दार हीच त्यातली सर्वांत उबदार जागा. आतले तापमान पाच अंश किंवा त्याखाली असावे.

खरेदी करतानाही पाकीट उलटून पाहावे. मिठाईच्या दुकानांनी सुट्या मिठाईसमोर 'बेस्ट बिफोर' तारीख लावावी, असा आदेश १ ऑक्टोबर २०२० पासून लागू झाला. खव्याची बर्फी घेताना ती पाटी शोधा. घरपोच सामान देणाऱ्या ऑनलाइन कंपन्यांना प्राधिकरणाने नोव्हेंबर २०२४ मध्ये बजावले की, माल हाती पडताना त्याच्या टिकण्याच्या काळापैकी ३० टक्के किंवा मुदत संपण्यापूर्वीचे ४५ दिवस तरी शिल्लक असावेत. दहा टक्के सवलतीत आलेले मसाल्याचे पाकीट आठवड्यात संपवण्याजोगे आहे का, हे दारातच पाहिलेले बरे. मुदत उलटलेला माल कोणी विकलाच, तर पाकीट फेकू नका. ते आणि पावती जपून ठेवा आणि राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवा.