विष एकच, वर्षं तीन
(लेखमाला : पांढऱ्या कोटाच्या आत – लेखांक ४)

नीट-पीजीचा रँक, कौन्सिलिंगच्या फेऱ्या, ब्रँचची ओढाताण हे सगळं गेल्या आठवड्यात झालं. आता वॉर्डात शिरू. ब्रँच मेडिसिन, गाव अकोला. इथलं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय २००२ सालचं. पण लोकांच्या तोंडी रुग्णालयाचं नाव नुसतं ‘सर्वोपचार’. वाशीम-बुलढाण्याकडचे पेशंटही वर्षानुवर्षं इथेच येत आले.

एमडी तीन वर्षांचं, म्हणून ज्युनियर रेसिडेंटही तीन : जेआर-वन, टू आणि थ्री. प्रत्येकाच्या कामांची यादी कुठेही मिळेल. तिच्यावरून फारसं काही कळत नाही. त्यापेक्षा एकच पेशंट तिघांच्या नजरेनं बघावा. कपाशीवर फवारणी सुरू झाली की ऑरगॅनोफॉस्फरस विषबाधा येतेच. कुणाला फवारताना बाधलेलं, कुणी प्यालेलं. अंग घामानं निथळतंय, तोंडाला फेस, डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या.

खाटेजवळ उभा असतो जेआर-वन. ॲट्रोपिन द्यायचं, पाच मिनिटांनी स्टेथोस्कोप लावायचा, छातीत घुरघुर असेल तर डोस दुप्पट. छाती कोरडी होऊन नाडी ८०च्या वर जाईपर्यंत हेच चालतं. नवखा बाहुल्यांकडेच बघत राहतो, सीनियर खेकसतो, “छाती ऐक!” औषध जास्त झालं की पेशंट बरळतो, अंगावरचे कपडे ओढतो, ताप चढतो, मग ड्रिप थांबवून पुन्हा बेतानं सुरू करायची. मधेच दुसऱ्या खाटेचं रक्त काढायचं, रिपोर्टसाठी लॅबला पळायचं, केसपेपर भरायचे. रेसिडेंटला सलग १२ आणि आठवड्याला ४८ तासांवर साधारणपणे राबवू नये, असं केंद्राचं १९९२चं परिपत्रक सांगतं. ॲडमिशन डेच्या रात्री ते वाचायला वेळ कुणाला आहे?

तिसरा दिवस. पेशंट चहा पितोय, नातेवाईक सुट्टीचं विचारतायत, जेआर-वनही खूश. जेआर-टू राऊंडला येतो आणि एवढंच म्हणतो, “काका, उशीवरून मान उचला बरं.” मान उचलत नाही. पहिल्या ते चौथ्या दिवसात असा स्नायूंचा दगा होतो आणि त्यापाठोपाठ श्वासाचे स्नायूही थकतात. हे पुस्तकात एका परिच्छेदात आहे, पण वेळेवर आठवायला आधीचा एखादा पेशंट बघितलेला असावा लागतो. दुसरं वर्ष मला म्हणूनच सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. गवगवा मात्र पहिल्याच्या हालांचा होतो. तीन महिन्यांची जिल्हा रेसिडेन्सीही बहुधा याच सुमारास येते. मध्यरात्री येणाऱ्या रेफर चिठ्ठ्यांवर वैतागणारा तिथे स्वतःच तशी चिठ्ठी लिहितो.

जेआर-थ्रीपुढचा प्रश्न वेगळाच. व्हेंटिलेटर एक रिकामा, दावेदार दोन. सरांना फोन करायचा, पण त्याआधी आपलं मत ठरलेलं हवं. बाहेर म्हातारी विचारते, “वाचते ना साहेब, माहा पोरगा?” तिला खोटं सांगायचं नाही आणि पुरतं मोडूनही टाकायचं नाही. हे कुठल्याच लॉगबुकात नोंदवलं जात नाही. प्रबंध परीक्षेच्या सहा महिने आधी द्यायचा असतो. नंतर लेखीचे चार पेपर आणि प्रॅक्टिकल. त्या दिवसांत थ्री वॉर्डात कमी आणि लायब्ररीत जास्त दिसतो, तेव्हा व्हेंटिलेटरचा फोन टूलाच करावा लागतो.

पुढच्या आठवड्यात : एमडीनंतरचा एक वर्षाचा बाँड.