कडुनिंबाला काय झालं?

जयपूरच्या पश्चिमेला वैशाली नगर नावाची मोठी वसाहत आहे. तिथे फेब्रुवारी-मार्चमध्ये गेलात, तर रस्त्याकडेचे कडुनिंब बघून तुम्ही म्हणाल, अरे देवा, ही झाडं आजारी पडली की काय! पानं पिवळी, खाली पाचोळ्याचा सडा, फांद्या उघड्याबोडक्या. पण थोडं थांबा. थोड्याच दिवसांत त्याच फांद्यांना तांबूस, कोवळी पालवी फुटते. गुढीपाडव्याला तोंड वाकडं करत आपण खातो ना, तीच! म्हणजे झाड ठणठणीत होतं.

म्हणून झाडांच्या डॉक्टरने आधी हे शिकायचं, की निरोगी झाड कोणत्या महिन्यात कसं दिसतं.

आता तोच कडुनिंब पावसाळा सरताना बघा. बाकी झाड हिरवं, पण फांद्यांची टोकं मात्र मेणबत्तीवर धरल्यासारखी करपलेली. इथे काहीतरी बिघडलंय, कारण हा पानगळीचा हंगाम नाही. शिवाय वाळणं टोकापासून सुरू होऊन आत आत सरकतंय. याला म्हणतात शेंडेमर. त्यामागे बहुतेकदा फोमॉप्सिस नावाची बुरशी असते. खास कडुनिंबावरच्या या बुरशीचं वर्णन आपल्याच देशातल्या संशोधकांनी 1997 साली प्रसिद्ध केलं. 2021 मध्ये तेलंगणात गावोगावचे कडुनिंब असे वाळायला लागले, तेव्हा लोक चांगलेच घाबरले होते. आपलं नशीब, की कडुनिंब मोठा चिवट. त्याला पुन्हा पालवी फुटू शकते.

फांदी मेली की जिवंत, कसं ओळखायचं? एखाद्या बारीक काडीची साल नखाने अगदी हलकेच खरवडा. आत हिरवं दिसलं तर जिवंत, कोरडं तपकिरी दिसलं तर मेलेली. (एकाच काडीवर, हं. सगळं झाड सोलायचं नाही!)

पण प्रत्येक आजाराला बुरशी किंवा कीडच जबाबदार असते, असं नाही. शेजारशेजारच्या वेगवेगळ्या जातींची झाडं एकदम करपली, तर संशय थंडीच्या लाटेवर, खारट पाण्यावर किंवा मुळाशी ओतलेल्या कशावर तरी घ्यायचा. बुरशी आणि किडी बहुधा खाण्याच्या बाबतीत चोखंदळ असतात. कडुनिंबावरची सहसा गुलमोहराकडे ढुंकून बघत नाही.

नव्या इमारतीशेजारच्या झाडाचं पान हातात घ्या. शिरा हिरव्या आणि मधला भाग पिवळा दिसतोय? आणि तोही शेंड्याकडच्या कोवळ्या पानांत? मग झाडाला लोह मिळत नाहीये. सिमेंट-चुन्याचा राडारोडा मातीत मिसळला, की मातीत लोह असूनही मुळांना ते उचलता येत नाही. जुन्या पानांतलं लोह काढून नव्या पानांना देणंही झाडाला जमत नाही, म्हणून कोवळी पानंच आधी पिवळी पडतात. नत्र कमी पडलं तर बरोब्बर उलटं होतं: झाड ते म्हाताऱ्या पानांतून काढून कोवळ्यांना देतं आणि खालची पानं पिवळी होतात.

पानांवर काजळी दिसली तर बोट फिरवून बघा. काळं पुसलं गेलं? मग पानाच्या मागे किंवा वरच्या फांदीवर मावा किंवा पिठ्या ढेकूण शोधा. ते रस पितात आणि गोड, चिकट थेंब टाकतात. काळी बुरशी त्या थेंबांवर वाढते. खोडावर मुंग्यांची ये-जा असेल, तर त्याही त्याच गोडासाठी आलेल्या!

सगळ्यात अवघड रोग मात्र जमिनीखाली असतात. राजस्थानचा राज्यवृक्ष आहे खेजडी, म्हणजे पांडवांनी शस्त्रं लपवली ती आपली शमी. सीकर, झुंझुनू, नागौर या भागांत धडधाकट दिसणाऱ्या खेजड्या वाळायला लागल्या. जोधपूरच्या शास्त्रज्ञांनी मुळं तपासली, तेव्हा दोन चोर सापडले: मुळं पोखरणारी भुंगेऱ्याची जाडजूड अळी आणि मुळं कुजवणारी गॅनोडर्मा बुरशी. त्यात भूजल खोल गेलेलं, आणि चाऱ्यासाठी दरवर्षी सगळ्या फांद्या छाटलेल्या. अशक्त झाडाला दोन्ही चोरांनी गाठलं. मला विचाराल तर त्या छाटणीचा अपराध चोरांपेक्षा लहान नाही.

गॅनोडर्मा शहरातल्या झाडांनाही सोडत नाही. पावसाळ्यात बुंध्याशी लाकडासारखी टणक, लालसर तपकिरी, कडेला पांढरी अशी अर्धगोल छत्री उगवते. ती या बुरशीचं फळ. खरी बुरशी आत असते, धाग्यांच्या रूपात. त्यामुळे छत्री बाहेर दिसते तेव्हा आतली मुळं बरीच कुजलेली असू शकतात, मग वर पानं कितीही हिरवी असोत.

बुंध्याभोवती घट्ट काँक्रीट असेल तर मुळांना हवाही मिळत नाही आणि पाणीही. म्हणूनच 2013 साली पर्यावरणाचे खटले ऐकणाऱ्या राष्ट्रीय हरित लवादाने दिल्लीत झाडांभोवतीचं एक मीटरपर्यंतचं काँक्रीट काढायला सांगितलं. तुमच्या गल्लीत किती झाडांना तेवढी मोकळी माती आहे, ते बघा.

आणि बुंध्याशी गॅनोडर्माची छत्री दिसली, तर ती तोडू नका. पूर्ण झाडाचा एक आणि बुंध्याचा एक असे फोटो काढून मोठ्यांना दाखवा, आणि महापालिकेच्या उद्यान विभागाला कळवायला सांगा. असं झाड वादळात कोसळू शकतं, म्हणून तोवर त्याच्याखाली खेळू नका आणि सायकलही लावू नका.