संगणकाचा पहारेकरी आणि दरसालची वर्गणी



गेल्या उन्हाळ्याच्या सुटींत आमच्या घरच्या संगणकावर लाल अक्षरांत एक सूचना झळकूं लागली: ‘आपल्या अँटीव्हायरसची मुदत संपत आली आहे, आपला संगणक धोक्यांत आहे.’ वर्गणी पुन्हां भरावी कीं नाहीं, असा विचार चालला असतांच ती रक्कम बँकेंतून कापली गेली. आणि तीही पहिल्या वर्षीं सवलतीनें दिलेल्या रकमेच्या जवळजवळ तिप्पट! चौकशी करितां कळलें कीं, दरसाल आपोआप पैसे घेण्यास खरेदीच्या वेळीं आम्हींच संमति दिली होती, आणि बँकेनें आगाऊ पाठविलेली सूचना आम्हीं वाचलीच नव्हती. पैसे गेल्याचें वाईट वाटलें. पण आपण हे पैसे कशासाठीं देत होतों, हेंच आपणांस ठाऊक नव्हतें, याचें अधिक वाईट वाटलें. असा प्रसंग पुष्कळ घरीं येत असेल. म्हणून हा लेख.

संगणकाचा विषाणु म्हणजे कांहीं सजीव जंतु नव्हे. दुसऱ्याच्या फाइलींत किंवा तबकडींत शिरून आपल्याच नकला करीत सुटणारी ती एक लहानशी आज्ञावली होय. १९८६ सालीं लाहोर येथील दोघा भावांनीं लिहिलेला ‘ब्रेन’ नांवाचा विषाणु फ्लॉपी तबकड्यांवरून देशोदेशीं पसरला. अशा विषाणूंना शोधून काढणारें सॉफ्टवेअर तयार करण्याचा धंदा मग जगभर वाढला. आपल्या पुण्यांतही कैलास व संजय काटकर या बंधूंनीं तो उभा केला, आणि त्यांचें ‘क्विक हील’ सर्वत्र प्रसिद्ध झालें.

अँटीव्हायरस दोन रीतींनीं काम करितो. एक, ठाऊक असलेल्या विषाणूंच्या ओळखखुणा प्रत्येक फाइलीशीं ताडून पाहणें. दुसरी, एखादी आज्ञावली संशयास्पद वागूं लागली कीं तिला अडविणें. नवे विषाणु रोज निघतात, म्हणून ओळखखुणांची यादीही रोज नवी लागते. दरसालच्या वर्गणीचें मूळ यांत आहे. ती केवळ लुबाडणूक आहे, असें म्हणणें न्यायाचें होणार नाहीं.

परंतु आतां परिस्थिति बदलली आहे. २०१२ सालच्या विंडोज ८ पासून ‘डिफेंडर’ हा पहारेकरी विंडोजबरोबरच येतो, आणि त्यास निराळी वर्गणी नाहीं. दुसरा अँटीव्हायरस बसविला कीं तो बाजूस होतो, आणि तो दुसरा काढून टाकला कीं पुन्हां आपल्या जागीं येतो. म्हणून मुदत संपलेलें सॉफ्टवेअर तसेंच ठेवूं नये. तें काढून टाकावें, संगणक पुन्हां सुरू करावा, आणि ‘विंडोज सिक्युरिटी’ उघडून पहारा चालू असल्याची खात्री करून घ्यावी. साधारण घरगुती कामास एवढें पुरेसें आहे. संगणकांत विषाणु शिरलाच असेल, तर भारत सरकारनें २०१७ सालीं सुरू केलेल्या ‘सायबर स्वच्छता केंद्रा’कडून तो काढण्याचीं साधनें विनामूल्य मिळतात.

फुकट मिळणारें सर्वच चांगलें असतें, असें मात्र समजूं नये. आपल्या ग्राहकांनीं इंटरनेटवर काय पाहिलें याची माहिती विकल्याबद्दल ‘अवास्ट’ या प्रसिद्ध कंपनीला २०२४ सालीं अमेरिकेंत १ कोटि ६५ लाख डॉलर भरावे लागले.

खरें संरक्षण कशांत आहे, हें १२ मे २०१७ रोजीं जगास कळलें. त्या दिवशीं ‘वॉनाक्राय’नें सुमारें दीडशें देशांतील संगणकांवरील फाइली कुलुपबंद करून खंडणी मागितली. ज्या भगदाडांतून तो शिरला, तें बुजविणारी दुरुस्ती मायक्रोसॉफ्टनें १४ मार्चलाच विनामूल्य दिली होती! ज्यांनीं ती आळसानें लांबणीवर टाकली, त्यांच्यावर हा प्रसंग ओढवला. विंडोज १० ची नेहमींची दुरुस्ती १४ ऑक्टोबर २०२५ रोजीं बंद झाली आहे, हें जुना संगणक वापरणाऱ्यांनीं ध्यानांत ठेवावें. विंडोज ११ त्यावर चालत नसेल, तर सी-डॅकची ‘बॉस’ किंवा ‘उबंटू’ यांसारखी लिनक्स प्रणाली विनामूल्य मिळते.

तेव्हां चार गोष्टी कराव्या. अपडेट आलें कीं तें लगेच घ्यावें. अनोळखी दुवा व चोरटें सॉफ्टवेअर यांस हात लावूं नये. महत्त्वाच्या फाइलींची एक प्रत निराळ्या डिस्कवर काढून ती संगणकापासून अलग ठेवावी. आणि आपोआप पैसे कापण्याची संमति कोठें कोठें दिली आहे, हें पाहून नको असलेली रद्द करावी. रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणें अशी रक्कम कापण्यापूर्वीं निदान २४ तास आधीं सूचना येते, ती वाचावी.

विद्यार्थ्यांनो, लाल अक्षरें पाहून आईवडील घाबरले, तर त्यांच्याजवळ बसून हें सर्व त्यांस समजावून सांगा. पहारेकरी पगारी असो वा बिनपगारी, घरच्या माणसानेंच चोरास दार उघडलें, तर तो बिचारा काय करणार?