वहीतल्या आकड्यांची लाज कशाला?

गोंदिया जंक्शनवर थांबलेल्या मालगाड्यांच्या डब्यांवरील क्रमांक टिपून ठेवण्याचा छंद माझ्या एका विद्यार्थ्याला होता. एकदा ती वही वर्गातल्या मुलांच्या हाती लागली आणि हशा पिकला. मीही सहज विचारून गेलो, "अरे, पण याचा उपयोग काय?" त्यानंतर ती वही कधी दिसली नाही. मी तो प्रश्न विचारायला नको होता.

विद्यार्थी मित्रांनो, असाच आकड्यांचा नाद असलेले एक शिक्षक नाशिकजवळच्या देवळालीत होऊन गेले. त्यांचे नाव दत्तात्रय रामचंद्र कापरेकर. जन्म १९०५ साली डहाणूचा. १९३० ते १९६२ पर्यंत त्यांनी शाळेत शिकवले आणि फावला वेळ संख्यांशी खेळण्यात घालवला. गणितातील पदव्युत्तर पदवी त्यांच्यापाशी नव्हती. अनेक गणितज्ञांना त्यांचे काम क्षुल्लक वाटे. कापरेकरांनी मात्र आपला छंद लपवला नाही. पदरमोड करून त्यांनी पुस्तिका छापल्या. मुंबईजवळच्या एका रेल्वे स्थानकावर सुचलेल्या संख्यांना त्यांनी त्या स्थानकावरूनच 'डेम्लो संख्या' असे नाव दिले.

त्यांचा १९४९ चा एक शोध पाहा. चार अंकी कोणतीही संख्या घ्या. मात्र चारही अंक सारखे नकोत. समजा, ४८१९ घेतली. अंक उतरत्या क्रमाने मांडा : ९८४१. चढत्या क्रमाने मांडा : १४८९. वजाबाकी ८३५२. पुन्हा तीच कृती करा : ८५३२ वजा २३५८ म्हणजे ६१७४. आता ६१७४ वर हीच कृती केली, तर पुन्हा ६१७४ च येते! वजाबाकी तीन अंकी आली, तर पुढे शून्य लिहून चार अंक पुरे करा. जास्तीत जास्त सात पायऱ्यांत ६१७४ गाठलेच पाहिजे.

असे का होते? उतरत्या क्रमातील अंक अ, ब, क, ड माना. वजाबाकी नेहमी ९९९(अ−ड) + ९०(ब−क) इतकी येते. म्हणजे ती केवळ दोन फरकांवर अवलंबून असते, आणि त्या फरकांच्या ५४ च जोड्या संभवतात. ९९९० संख्या पहिल्याच वजाबाकीत ५४ वर येतात! त्या ५४ संख्या पुढे कोणत्या वाटेने जातात, ते तुम्हीच कागदावर मांडून पाहा.

१९७५ साली अमेरिकन लेखक मार्टिन गार्डनर यांनी 'सायंटिफिक अमेरिकन' मासिकात कापरेकरांविषयी लिहिले आणि त्यांचे नाव जगभर पोचले. तेव्हा कापरेकर सत्तरीचे होते. पण कोणी वाहवा केली नव्हती, तेव्हाही ते तितक्याच आनंदाने खेळत होते. छंदाला तेवढे कारण पुरे असते.

ती वही पुन्हा दिसली, तर मी उपयोग विचारणार नाही. पहिल्या डब्याच्या क्रमांकाचे शेवटचे चार अंक तेवढे मागून घेईन.